शिक्षकांनो, एकत्र बसा!

१२ मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला अजून आठ दिवस होते. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. सभागृहात नव्यानेच आलेल्या या सदस्याने सरकारपुढे साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल होतात आणि त्यांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात. शाळेचा उंबरठा ओलांडून आत आलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हे प्राथमिक शिक्षणाचे ध्येय त्यांनी सरकारला ऐकवले.

त्या भाषणाला आता शंभर वर्षे होत आली. आज शंभरातली ब्याऐंशी मुले चौथीच्या आत गळत नाहीत. घाटकोपरच्या रमाबाई नगरातले, मुलुंडच्या झोपडपट्टीतले, अंधेरीच्या चाळीतले किंवा बोरिवलीच्या जंगलाकडेच्या पाड्यावरचे मूल शाळेत जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला तो अधिकार दिला आहे. पण शाळेत पोचणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचवीतल्या आपल्या मुलाला दुकानाची पाटी वाचायला सांगा, तीन अंकी भागाकार घालायला सांगा. अनेक घरांत आई-बाप गप्प होतात.

त्यात २०२३ साली महाराष्ट्र शासनाने नियम बदलले. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. मूल तीत नापास झाले तर पुन्हा एक संधी मिळते; त्यातही नापास झाले तर ते त्याच वर्गात बसते. म्हणजे वर्गात जे शिकवले गेले नाही त्याची शिक्षा मुलाला. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत आणि अभ्यास घ्यायला शिकलेले माणूस नाही, त्या घरातले मूल या चाळणीतून आधी खाली पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणूनच आज मी एका अशा विषयावर लिहितो आहे जो आपल्या चळवळीच्या सभांत सहसा निघत नाही. आपण शिष्यवृत्तीवर बोलतो, वसतिगृहांवर बोलतो, आरक्षणावर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण बंद वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासात नेमके काय घडते आणि त्या तासाची तयारी शिक्षक कशी करतो, यावर आपण बोलत नाही.

टाचण वहीचे सत्य

डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाला पाठ टाचण ठाऊक आहे. सराव पाठ घेताना आम्ही हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे पाने भरायचो. मागच्या बाकावर बसून प्राध्यापक निरीक्षण करायचे, सहाध्यायी आपापल्या वहीत शेरे लिहायचे. नोकरी लागली आणि ते सगळे संपले. उरली ती दैनिक टाचणाची वही. ती मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची किंवा बाजारातल्या मार्गदर्शकातून. शनिवारी मुख्याध्यापकांची सही घ्यायची. विभाग निरीक्षक आले की ती टेबलावर ठेवायची. वहीत पाठ उत्तम, वर्गात काय झाले ते कोणी विचारायचे नाही.

पूर्व उपनगरातल्या महापालिका शाळेत मी बरीच वर्षे शिकवले. मीही अशाच वह्या लिहिल्या. त्यात अभिमान सांगण्यासारखे काही नाही. पण एका पावसाळ्यात जे घडले त्याने माझी वही बदलली.

एका शाळेच्या इमारतीत मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तीन माध्यमांच्या शाळा भरत. महापालिकेच्या इमारतींत हे नवे नाही. आठ माध्यमांतून शिकवणारी ही महापालिका आहे. एकाच जिन्यावरून आम्ही चढत-उतरत होतो, एकाच नळाचे पाणी पीत होतो, पण चौथीला एकच घटक शिकवणाऱ्या तीन शिक्षकांनी कधी एकमेकांना विचारले नव्हते की बाबा रे, तुझ्या मुलांना हे जमते का?

त्या दिवशी पाण्याने लोकल बंद पडल्या. बदलापूर, नालासोपाऱ्याला जाणारे आम्ही सारे शाळेतच अडकलो. वेळ घालवायला चाचणीचे पेपर काढून बसलो. हिंदी शाळेचे गुरुजी शेजारी, पलीकडे उर्दू शाळेच्या आपा. मी वैतागून म्हणालो, "या पोरांना १/४ आणि १/२ यांत मोठा कोणता तेसुद्धा कळत नाही. सगळी १/४ लिहितात." गुरुजींनी आपला गठ्ठा माझ्याकडे सरकवला. त्यांच्याही मुलांनी तेच लिहिले होते. आपांच्याही. मराठीत आम्ही छेद म्हणतो, हिंदीत हर, उर्दूत नसबनुमा. शब्द तीन, चूक एक. चार हा आकडा दोनपेक्षा मोठा, म्हणून १/४ मोठा!

तोपर्यंत मी समजत होतो की माझ्याच वर्गातली मुले कच्ची आहेत. गुरुजींना वाटत होते उत्तरेकडून येऊन-जाऊन राहणाऱ्या कुटुंबांची मुले म्हणून असे होते. आपांना वाटत होते घरी कोणी शिकलेले नाही म्हणून. तीन गठ्ठे एका टेबलावर आले तेव्हा आम्हाला कळले की दोष वस्तीत नाही, जातीत नाही, धर्मात नाही. तिन्ही वर्गांत पाठच एका जागी फसत होता.

एका पाठाची तीन रूपे

मग आम्ही ठरवले की हा पाठ तिघांनी मिळून रचायचा. पहिल्यांदा तो मी घेणार, दोघे मागे बसणार. कागदाची गोल चकती, तिचे चार समान भाग, एक रंगवलेला. मला वाटले पाठ छान झाला. मुलांनी एका सुरात उत्तरे दिली.

तास संपल्यावर आपांनी मला एका मुलीची वही दाखवली. चार भागांतला एक रंगवलेला, आणि तिने लिहिले होते १/३. का? कारण एक रंगवलेला आणि तीन कोरे. ती चुकून चुकली नव्हती. तिचा स्वतःचा एक हिशेब होता, आणि तिच्यासारखीच आणखी काही मुले तोच हिशेब करीत होती. फळ्याजवळ उभ्या असलेल्या मला ते दिसणे शक्य नव्हते. तेथून एका सुरातली उत्तरेच ऐकू येतात. मागे बसून मुलांकडे पाहणाऱ्या आपांना ते दिसले.

दुसऱ्यांदा पाठ गुरुजींनी घेतला. तोवर आमच्या लक्षात आले होते की ही सारी मुले किराणा दुकानात जातात. पाव किलो साखर आणि अर्धा किलो साखर यांत जास्त कोणती, हे पहिलीतले पोरही सांगते. पाऊण किलो, अदपाव, सगळे त्याला ठाऊक. आणि गंमत अशी की पाव हा शब्द मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही घरांत तोच! मग पाठ चकतीने सुरू न करता तराजूने सुरू झाला. पाव, अर्धा, पाऊण हे मुलांनी आधी हातात तोलले, नंतर कागदावर १/४, १/२, ३/४ लिहिले. एका मुलाने स्वतःच विचारले, "चार मोठा आहे, मग पाव लहान कसा?" हाच प्रश्न आम्हाला हवा होता. उत्तरही मुलांनीच काढले : वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो. वस्तीतल्या मुलाला हे पुस्तकाने शिकवावे लागत नाही. त्याच्या घरात ते रोज घडते.

तिसऱ्यांदा आपांनी पाठ घेतला तेव्हा एक तृतीयांशाची जागा पाव आणि अर्ध्याच्या मध्ये कशी येते इथपर्यंत मुले गेली. सगळी मुले शिकली असा दावा मी करीत नाही. पण तीस वर्षांच्या नोकरीत जेवढी प्रशिक्षणे झाली, त्या सर्वांपेक्षा त्या तीन तासांत मी जास्त शिकलो, हे मात्र खरे.

पुढे आम्ही दर आठवड्याला एक घटक घेऊन चार प्रश्न विचारू लागलो. मुलांना यातले आधीच काय येते? ती कुठे चुकतील? कोणता शब्द त्यांना अडवेल? आणि शिकली हे आपल्याला कसे कळेल? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या वहीत असतील तिला मी पाठ टाचण म्हणतो.

काही महिन्यांनी वरून विचारणा झाली : "तीन माध्यमांचे शिक्षक कोणत्या परिपत्रकानुसार एकत्र बसतात?" परिपत्रक नव्हते. बदल्या झाल्या आणि आमचे बसणे थांबले.

जपानात जे नित्याचे आहे

आम्ही पावसाच्या कृपेने जे केले ते जपानमधल्या प्राथमिक शाळांत वर्षानुवर्षे चालत आले आहे. तेथे त्याला 'जुग्यो केंक्यू' म्हणतात. आपल्या भाषेत पाठाचा अभ्यास. शिक्षकांचा गट एक घटक निवडतो, मिळून पाठ लिहितो, एकजण तो वर्गात घेतो आणि बाकीचे निरीक्षण करतात. निरीक्षण शिक्षकाच्या हातवाऱ्यांचे नसते, मुलांच्या विचारांचे असते. मग चर्चा होते, पाठ दुरुस्त होतो, दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गात तो घेतो. स्टिगलर आणि हिबर्ट या अमेरिकन अभ्यासकांच्या 'द टीचिंग गॅप' या १९९९ च्या पुस्तकानंतर जगभर या पद्धतीची चर्चा झाली. चीनमध्येही शाळाशाळांत विषयवार शिक्षकगट असतात आणि ते एकमेकांचे पाठ पाहतात. यात लागणारा खर्च किती? चार खुर्च्या आणि एक तास.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी आहे असे नाही. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये शाळा संकुलाची शिफारस केली होती, ती जवळपासच्या शाळांनी एकमेकींना साथ द्यावी म्हणूनच. महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले. केंद्रातल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे, आदर्श पाठ पाहावा, अडचणी मांडाव्यात, असा त्यामागचा हेतू होता. पण अनेक ठिकाणी या बैठकीत परिपत्रके वाचली जातात, माहितीचे तक्ते भरले जातात, चहा होतो आणि सभा संपते. जेथे शिक्षक मनापासून एकत्र आले तेथे चित्र बदलले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी शिक्षण उभे केले आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. ती मुले कुठल्या श्रीमंत शाळेतली नव्हती.

बुद्धी कमी नव्हती, भाषा आडवी आली

मुंबईतच याचा आणखी जुना पुरावा आहे आणि आपल्या वाचकांनी तो पाठ करून ठेवला पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. आज ते मानखुर्दला आहे. या केंद्राचे प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ साली भाषेच्या अडसरावर अभ्यास मांडला. पाठ्यपुस्तकातली जड भाषा सोपी केली की तीच मुले तेच विज्ञान अधिक चांगले समजतात, हे त्यांनी दाखवले. पुढे प्रा. कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांनी मुंबईच्या महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले आणि १९८५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. या मुलांत बुद्धीची उणीव नव्हती. भाषेची आणि पायाभूत कौशल्यांची उणीव होती, आणि ती योग्य शिकवण्याने भरून निघाली.

गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांना हा अहवाल दाखवावा. "या मुलांच्यात मुळातच नाही" हे वाक्य आपण किती पिढ्या ऐकले? शिक्षकांच्या खोलीतही ते ऐकू येते, कधी मोठ्याने, कधी हळू. एकटा शिक्षक वर्गात हार मानतो तेव्हा स्वतःला सावरण्यासाठी हे वाक्य त्याच्या हाताशी असते. पण चार शिक्षक मुलांच्या वह्या उघडून एका टेबलाशी बसले की ते वाक्य टिकत नाही. तेथे कोणीतरी विचारतो : मुलीने १/३ का लिहिले? आणि एकदा 'का' विचारले की जात गळून पडते, मुलीचा विचार समोर उभा राहतो. पाठाची एकत्र तयारी मला म्हणूनच समतेचे काम वाटते.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यातही प्राथमिक शिक्षक कसा असावा याची चिंता होती. तो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, नांगराला हात लावायला न लाजणारा असावा, त्याला नीट प्रशिक्षण आणि पुरेसा पगार मिळावा, असे त्यांनी मागितले. आज बहुजन समाजातून आलेले हजारो शिक्षक आहेत. जोतीरावांची अर्धी मागणी पुरी झाली. पण किराणा दुकानातला पाव आणि पुस्तकातला १/४ यांचा सांधा त्यांना जुळवता येतो का? वस्तीचे जे ज्ञान त्यांच्याकडे आहे ते पाठात उतरते का? ते एकेकट्याने होणे कठीण आहे.

वेळ कोठून आणायचा?

शिक्षक म्हणतील, बोलणे सोपे आहे. वेळ कुठे आहे? हा प्रश्न खोटा नाही. पहाटेची लोकल पकडून सकाळच्या पाळीला यायचे. हजेरी, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या, सर्वेक्षणे. दुपारची पाळी दारात उभी असते, वर्ग रिकामा करून द्यावा लागतो. नव्याने लागलेला शिक्षणसेवक तर मानधनावर तीन वर्षे काढतो, त्याचा आवाज सभेत निघत नाही. अशा शिक्षकाला "आणखी एक काम कर" असे सांगणे हा अन्यायच ठरेल.

पण कायदा काय सांगतो ते पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, आणि त्यात पूर्वतयारीचे तास समाविष्ट आहेत. म्हणजे पाठाची तयारी हे शिक्षकाने घरी भाकरी खाताना करायचे काम नाही. ते कायद्याने मान्य केलेले, पगारी वेळेतले काम आहे. याच कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपायला मनाई करते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. हे पन्नास तास पडद्यावरचे व्याख्यान ऐकून प्रमाणपत्र घेण्यात घालवायचे की आपल्याच शाळेतल्या चार जणांनी मुलांच्या वह्या घेऊन बसण्यात, एवढाच प्रश्न आहे. आठवड्याला एक तास धरला तर शाळेच्या वर्षात त्यातले बहुतेक तास तेथेच भरतात.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. "एकत्र नियोजन" या नावाखाली वरून तयार पाठ पाठवायचे आणि सगळ्या शाळांत एकाच दिवशी एकच पान शिकवायचे, असे झाले तर ती हुकूमशाही होईल. पाठ शिक्षकांनी रचला पाहिजे, आपल्या मुलांकडे पाहून रचला पाहिजे आणि फसला तर दुरुस्त करण्याची मुभा त्यांच्याकडेच राहिली पाहिजे. मागच्या बाकावर बसलेला सहकारी गोपनीय अहवाल लिहायला आला आहे असे वाटले तर कोणीही शिक्षक आपला कच्चा पाठ उघडा करणार नाही.

आपण काय करायचे?

कलम २१ प्रमाणे प्रत्येक महापालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत किती समित्यांत आपल्या वस्तीतल्या माता बसतात? बसतात त्या सही करण्यापलीकडे बोलतात का? पुढच्या बैठकीत त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. वेळापत्रकात शिक्षकांच्या एकत्र तयारीचा तास आहे का? एका इमारतीतल्या सर्व माध्यमांचे शिक्षक एकत्र बसतात का? आमच्या मुलांच्या कोणत्या चुका तुम्हाला सापडल्या आणि त्यावर काय केले? हे विचारायला इंग्रजी यावे लागत नाही.

आणि चळवळीतल्या शिक्षक बंधू-भगिनींना माझी हात जोडून विनंती. संघटना म्हणून आपण वेतनश्रेणी, बदल्या, पेन्शन यासाठी एकत्र येतो. तसेच एका पाठासाठी एकत्र या. परिपत्रकाची वाट पाहू नका. बुद्धविहारात रविवारचा अभ्यासवर्ग चालतो, तेथे दोन शाळांतले चार शिक्षक एका घटकावर बसू शकतात. 'संघटित व्हा' हा बाबासाहेबांचा आदेश मोर्चापुरता नाही, तो शिक्षकांच्या खोलीतही लागू आहे.

सावित्रीमाई १८५६ साली आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी वाटते ती फातिमाची. आपल्या गैरहजेरीत सारे काम तिच्यावर पडले असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असे त्या लिहितात. या देशातल्या आपल्या पहिल्या शाळा अशा दोघींनी मिळून ओढल्या. दगड आणि शेण झेलणाऱ्या त्या बायांना एकमेकींचा आधार होता. आज दगड नाहीत, पण शेजारच्या वर्गातला शिक्षक काय शिकवतो हे आपल्याला ठाऊक नाही.

त्या मुलीची वही मला अजून आठवते. एक रंगवलेला, तीन कोरे, आणि खाली टापटीप अक्षरात १/३. मी एकटा असतो तर लाल शाईने फुली मारून पुढे गेलो असतो. किती वह्यांवर तशा फुल्या मारल्या असतील, त्याचा हिशेब आता लागणार नाही. पण उद्या सकाळच्या पाळीला जो शिक्षक वर्गात पाय ठेवील, त्याच्या हातून तो थांबू शकतो.